बशीतली शर्यत

बालमित्रांनो, घरी दही कसं लावतात ते तुम्ही पाहिलंच असेल. कालच्या दह्यातलं चमचाभर विरजण आजच्या दुधात, आजचं उद्याच्या दुधात. असं महिनोन्‌महिने चालतं. मग एक दिवस आजी म्हणते, "दही फार आंबट होतंय रे, शेजारून नवं विरजण आण." झालेलं असतं काय, तर आंबटपणात तग धरणारे जिवाणू वाढलेले असतात आणि बाकीचे मागे पडलेले असतात.

प्रयोगशाळेत माणसाच्या मूलपेशी वाढवताना असंच काहीसं घडतं. मूलपेशी म्हणजे काय? स्नायूची पेशी फक्त स्नायूचं काम करते. मूलपेशीचं काम मात्र अजून ठरलेलं नसतं. तिच्यापासून हृदयाची, मेंदूची, डोळ्याची पेशी तयार करता येते. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी काही दिवसांच्या मानवी भ्रूणातून अशा पेशी काढून वाढवल्या. २००७ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी तर माणसाच्या त्वचेच्या साध्या पेशींनाच मूलपेशींसारखं केलं!

उपचारासाठी पेशी लागतात कोट्यवधी. म्हणून त्या बशीत पोषक द्रव घालून वाढवतात. बशी भरली, की थोड्या पेशी नव्या बशीत. ती भरली, की पुढच्या बशीत.

आता गंमत बघा. पेशी दुभंगते तेव्हा तिच्या ४६ गुणसूत्रांची नक्कल होते. शेजाऱ्याच्या वहीतून धडा उतरवताना एखादा काना राहतो ना, तशी इथेही क्वचित चूक होते. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. पण एखाद्या चुकीने पेशी जास्त चिवट होते. मग?

वही-पेन्सिल घ्या. समजा, बशीत १००० साध्या पेशी आहेत आणि १ बदललेली. प्रत्येक फेरीत साध्या पेशी दुप्पट होतात, बदललेली तिप्पट. सतराव्या फेरीला दोघींची जवळजवळ बरोबरी होते. विसाव्या फेरीनंतर दर ४ पेशींत साधारण ३ बदललेल्या! हे आकडे आपण मानलेले आहेत, पण शर्यत खरी आहे.

२०११ साली ३८ प्रयोगशाळांतल्या मूलपेशींची तपासणी प्रसिद्ध झाली. बऱ्याचशा पेशी ठीक होत्या. पण जितका काळ वाढवल्या, तितके बदल वाढण्याकडे कल दिसला. तेही वाटेल तिथे नव्हेत, तर पुन्हापुन्हा १, १२, १७ आणि २० या क्रमांकांच्या गुणसूत्रांवर. विसाव्या गुणसूत्राच्या एका तुकड्यात पेशीला मरणापासून वाचवणारं जनुक आहे. तो तुकडा जास्तीचा मिळाला, की पेशी सहज मरत नाही.

तुम्ही म्हणाल, "मग चांगलंच की!" बशीत चांगलं, शरीरात नाही. शरीरात वेळ आली की पेशीने मरायचंही असतं. मरायचं विसरून वाढतच राहणाऱ्या पेशींची गाठ होऊ शकते.

म्हणूनच शास्त्रज्ञ सावध असतात. २०१४ साली जपानमध्ये कोबे शहरात मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका वृद्ध बाईंच्या त्वचेपासून मूलपेशी केल्या, त्यांपासून डोळ्याच्या पडद्यासाठी पेशींचा थर बनवला आणि तो त्यांच्या डोळ्यात बसवला. दुसऱ्या रुग्णाच्याही पेशी तयार झाल्या. पण तपासणीत, त्याच्या मूळ त्वचेत न दिसलेले काही बदल त्यांत सापडले. त्यांनी अपाय झालाच असता असं नाही. तरी २०१५ साली ते काम थांबवलं. रुग्ण वाट पाहत असताना 'थांबा' म्हणायचं, हे सोपं नसतं, मुलांनो.

यावर उपाय काय? शेतकरी चांगलं बियाणं जपून ठेवतो, तशा सुरुवातीच्या पेशी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. त्यांतल्याच थोड्या काढून वाढवतात आणि गुणसूत्रं वरचेवर तपासतात. बशीत पहिला आलेला शरीरात उपयोगी पडेलच असं नाही, हे ते विसरत नाहीत.

आता तुमच्यासाठी गृहपाठ: बदललेली पेशी तिप्पट न होता चौपट झाली, तर बरोबरी कितव्या फेरीच्या सुमारास होईल? आधी अंदाज करा, मग गणित.