गिल्बर्ट हिलचा पायथा

अंधेरी पश्चिमेला, भवन्स कॉलेजपासून जवळच, काळ्या कातळाचा एक सुळका उभा आहे. उंची सुमारे 61 मीटर. नाव गिल्बर्ट हिल, पण माथ्यावर गावदेवीचे देऊळ असल्याने अनेकांना तो गावदेवीचा डोंगर. सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वी इथला लाव्हा सावकाश निवला, आकसला, त्याला उभ्या भेगा गेल्या आणि शेजारी शेजारी बहुकोनी खांब तयार झाले. मुंबईत एवढे जुने आणि एवढे बोलके दुसरे काही उघड्यावर उभे नाही.

आंबोली, ओशिवरा, वर्सोवा ही खरोखरची गावे होती, तेव्हा हा डोंगर लांबून दिसत असे. मग खाणींनी भोवतालचा बराच कातळ खाल्ला. महापालिकेने 2007 मध्ये उरलेल्या सुळक्याला दुसऱ्या श्रेणीचा वारसा ठरवले. तो निर्णय योग्यच होता, पण अपुरा. सुळका वाचवला आणि पायथा बांधकामांसाठी मोकळा राहिला.

धोका आहे तो इथेच. दगड कठीण असला तरी खांबांमधल्या भेगा उभ्या आहेत. दर पावसाळ्यात त्यांत पाणी मुरते, पिंपळा-वडाची मुळे शिरतात. त्यात पायाशी खोदकाम झाले, हादरे बसले, की खालचा आधार सुटतो आणि वरचा खांब बाहेरच्या बाजूला कलतो. असा खांब सुटला तर खालच्या माणसाला पळायला क्षणभरही मिळणार नाही. घाटकोपरच्या आझाद नगरात 12 जुलै 2000 रोजी दरड कोसळून साठहून अधिक माणसे गेली. तिथली जमीन वेगळी होती. डोंगराला खेटून राहण्याची सक्ती मात्र हीच. ज्यांना दुसरीकडे जागा परवडत नाही त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. परवानगीचे नकाशे मंजूर करणाऱ्यांनी उत्तर द्यायला हवे.

अमेरिकेत वायोमिंगमध्ये असाच खांबांचा डेव्हिल्स टॉवर आहे. त्याला 1906 मध्येच राष्ट्रीय स्मारक केले, आणि आज त्याच्याभोवतीची 1,300 एकरांहून अधिक जमीन संरक्षित आहे. अंधेरीत एवढी जमीन मिळणार नाही, हे उघड आहे. पण सुळक्याभोवती खोदकामाला पूर्ण बंदी असलेला पट्टा आखता येईल, भेगांची दरवर्षी मोजणी करता येईल, माथ्यावरचे पाणी भेगांपासून दूर वळवता येईल. कड्याला अगदी लागून राहणाऱ्या कुटुंबांना याच भागात घरे देऊन आधी हलवायला हवे, आणि तोवर पायथ्याशी एकाही नव्या इमारतीचा पाया खणू देता कामा नये.