स्तंभ उभा आहे. चित्रपट कोठे आहेत?

कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे कॅमेऱ्याच्या आकाराचा एक स्तंभ आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि तिचे संस्थापक कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या स्मरणार्थ तो उभारण्यात आला. शहरे सेनापतींचे आणि पुढाऱ्यांचे पुतळे उभारतात. एका यंत्राचे स्मारक उभारणारे शहर विरळा. कोल्हापूरला ही गोष्ट भूषणावह आहे यात शंका नाही. परंतु या स्तंभाने ज्या कॅमेऱ्याची आठवण ठेवली, त्याने टिपलेल्या चित्रांपैकी आज काय शिल्लक आहे, असा प्रश्न कोणी केला तर मान खाली घालावी लागते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० चा, कारागिरांच्या घराण्यातला. हातोडी आणि कुंचला या दोहोंशी त्यांचा परिचय घरातच झाला. त्यांचे आतेमामेभाऊ म्हणा की सख्ख्या भावाप्रमाणे असलेले सहकारी म्हणा, आनंदराव पेंटर हेही तसेच. नाटक कंपन्यांचे पडदे रंगविणे आणि व्यक्तिचित्रे काढणे हा या दोघांचा व्यवसाय. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकाशात आला आणि या दोघा चित्रकारांना चालत्या चित्राचा ध्यास लागला. कॅमेरा परदेशातून आणावा तर तेवढा पैसा गाठीशी नव्हता. मग चित्रपट दाखविण्याचे यंत्र मिळवून त्यांनी आधी लोकांना चित्रपट दाखविले, आणि त्या यंत्राच्या अभ्यासातून कॅमेरा घडविण्याचा निश्चय केला.

हा निश्चय वरवर दिसतो तितका वेडा नव्हता. चित्रपट दाखविणारे यंत्र आणि तो घेणारे यंत्र यांचे मर्म एकच. फिल्म सलग सरकत राहिली तर चित्र उमटणार नाही. एक चौकट पुढे यावी, क्षणभर निश्चल राहावी, झडप उघडून प्रकाश पडावा आणि झडप मिटलेली असतानाच पुढील चौकट जागेवर यावी, हे मूकपटांच्या काळात दर सेकंदाला सुमारे १६ वेळा घडावे लागे. ३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर एका चौकटीला चार छिद्रे. त्या छिद्रांत शिरणारा आकडा केसभर चुकला तरी पडद्यावरचे चित्र थरथरू लागते. पहिल्या यंत्रात प्रकाश आतून बाहेर जातो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो. हे उमगण्यास चिकित्सक बुद्धी पुरेशी होती. प्रत्यक्ष घडविण्यास मात्र कसलेला हात हवा होता. १९१६ साली आनंदराव निवर्तले आणि काम अर्धवट राहिले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते पुढे नेले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला.

या कॅमेऱ्याला आपण ‘स्वदेशी’ म्हणून गौरवितो. तो गौरव योग्य आहे, पण अर्धा आहे. त्या काळी कोरी फिल्म परदेशातूनच येत असे. फिल्म तयार करणारा सरकारी कारखाना उटकमंड येथे स्थापन झाला तो १९६० साली. तेव्हा कोल्हापूरच्या कॅमेऱ्याचे मोल परदेशी मालाला नकार देण्यात नसून, यंत्र उघडून त्याचे अंतरंग समजून घेण्यात आहे. दुसरे असे की, हा कॅमेरा ज्याने घडविला तो मुळात माणसांचे चेहरे रंगविणारा चित्रकार होता. गालावर प्रकाश कोणत्या बाजूने पडावा, सावलीत किती लपवावे, हे त्याला कॅमेरा हाती येण्यापूर्वीच ठाऊक होते.

त्याचा परिणाम चित्रपटांत दिसला. १९२० सालच्या ‘सैरंध्री’ने लोकमान्य टिळक प्रभावित झाले आणि त्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) कृत्रिम प्रकाशाचा वापर झाला. ज्यांनी आयुष्यभर रंगीत पडदे रंगविले त्याच बाबूरावांनी चित्रपटातून सपाट पडदा दूर करून खऱ्या खोलीचे देखावे उभे केले. ‘सावकारी पाश’ने (१९२५) पुराणातून बाहेर येऊन कर्जात बुडालेला शेतकरी दाखविला, ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. काळोखातली झोपडी आणि तिच्याजवळ विव्हळणारे कुत्रे हे त्यातील दृश्य निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणात अनेक वर्षे राहिले. आज आपणास त्या आठवणीवरच समाधान मानावे लागते, कारण तो मूकपट उरलेला नाही. भारतात निघालेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी फारच थोडे, तेही पुष्कळदा तुकड्यांच्या रूपाने, बचावले. जुनी नायट्रेट फिल्म आपोआप कुजते आणि क्षणात पेट घेते, हे खरे. पण सगळा दोष रसायनाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर या वस्तू जपाव्यात असे फारसे कोणाला वाटलेच नव्हते.

आता हा प्रश्न केवळ चित्रपटांचा राहिलेला नाही. गावोगावच्या फोटो स्टुडिओंतून दोन-तीन पिढ्यांचे चेहरे काचेवर व फिल्मवर उतरले. लग्नातील वधूवर, शाळेचे निरोप समारंभ, निवृत्त होणारा मामलेदार, तालमीतला पहिलवान यांचा दुसरा दस्तऐवज कोठेही नाही. स्टुडिओ बंद होतो तेव्हा निगेटिव्हच्या पेट्या माळ्यावर जातात आणि माळा रिकामा करताना रद्दीत. ‘आता सारे भ्रमणध्वनीवर निघते, या जुन्या पेट्यांचे काय करायचे?’ असा व्यवहारी सवाल केला जातो. त्याचे उत्तर असे की, भ्रमणध्वनीवर आजचा चेहरा निघेल, १९४० चा निघणार नाही. शिवाय भ्रमणध्वनीचे अंतरंग विद्यार्थ्यास दिसत नाही. जुन्या कॅमेऱ्याची झडप मात्र तो बोटाने उघडून पाहू शकतो. यंत्र म्हणजे दैवी चमत्कार नव्हे, ही जाणीव अशा स्पर्शातूनच येते.

म्हणून कोल्हापूरने स्तंभावर हार चढविण्यापलीकडे दोन गोष्टी कराव्यात. महानगरपालिका आणि शिवाजी विद्यापीठ यांनी मिळून जुन्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह, भित्तिपत्रके, कॅमेरे आणि अवजारे यांचा संग्रह उभारावा. नावे, साल आणि गाव यांची नोंद ज्यांना ठाऊक आहे अशी माणसे हयात आहेत तोवरच हे काम व्हावयास हवे. आणि शाळांनी मोडक्या कॅमेऱ्यांना अडगळीत न टाकता ते विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एक कोरडी खोली, एक दक्ष कारकून आणि दोन उत्साही शिक्षक यांच्यावर प्रारंभ होऊ शकतो.

बाबूराव १९५४ साली गेले. त्यांच्या चित्रपटांचे जे झाले त्याला आता उपाय नाही. माळ्यावरच्या पेट्यांना अजून आहे, आणि तो किती दिवस राहील हे माळा आवरणाऱ्याच्या हाती आहे.