मोतीबिंदू पिकायची वाट कशाला?

स्मृतिभ्रंशावरच्या नव्या औषधांच्या बातम्या हल्ली ठळक मथळ्यांनी छापून येतात. त्यातल्या लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने आजारामुळे होणारी घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. हे यश लहान नाही. पण दर पंधरवड्याला शिरेतून औषध आणि मेंदूला सूज नाही ना हे पाहायला वरचेवर एमआरआय, हे रावेर किंवा साक्रीच्या खेड्यातल्या पंचाहत्तरीच्या माणसाच्या वाट्याला कधी येणार? त्याच्या मेंदूसाठी आजच करण्यासारखं काम जवळ आहे, आणि त्याची सुरुवात डोळ्यांपासून होते.

सिअॅटल भागातल्या तीन हजारांवर ज्येष्ठांच्या दीर्घ पाहणीत, मोतीबिंदू काढून घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ३० टक्के कमी आढळलं. यावर शंका रास्त आहे: मुळात धडधाकट माणसंच शस्त्रक्रियेला तयार होत असतील, मग श्रेय शस्त्रक्रियेला का द्यायचं? संशोधकांनी म्हणूनच काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांकडेही पाहिलं. तिथे असा फायदा दिसला नाही. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेने गेलेली नजर परत येत नाही, मोतीबिंदूच्या येते. फरक नजर परतण्यात असावा. हा पक्का पुरावा नव्हे, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांत उपचाराविना राहिलेल्या अधू नजरेची भर घातली. बहिरेपण त्या यादीत आधीपासून होतंच. नीट दिसेनासं झालं की माणूस ओट्यावर बसणं सोडतो, ऐकू येईनासं झालं की बोलणं सोडतो, आणि मेंदूला काम उरत नाही.

भारतात पन्नाशीपुढच्या अंधत्वात सुमारे दोन तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा आहे. तरी आपल्याकडे अजून ऐकू येतं, ‘पिकू द्या, मग पाहू.’ जुन्या पद्धतीत हा सल्ला बरोबर होता. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून सुई आत जाते, ध्वनिलहरींनी गढूळ भिंग फोडते, चुरा ओढून घेते आणि घडी घातलेलं नवं भिंग त्याच वाटेने आत जाऊन उलगडतं. मोतीबिंदू पिकून दगडासारखा झाला तर फोडायला जास्त जोर लागतो आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशी दुखावतात. म्हणजे थांबल्याने शस्त्रक्रिया अवघड होते. उन्हाळ्याचंही तेच. जळगावचा पारा पंचेचाळिशीला भिडतो तेव्हा ‘जखम चिघळेल’ म्हणून लोक दिवाळीनंतरची तारीख मागतात; पण जंतुसंसर्ग रोखतं ते शस्त्रक्रियागृह आणि नंतरचे थेंब, थंडी नव्हे. मधल्या सहा महिन्यांत अंधारात पायरी चुकून खुबा मोडला, तर ती जोखीम कितीतरी मोठी. ‘आते काय करनं शे’ म्हणणाऱ्या आजोबांना घरच्यांनी हे नीट समजावून सांगायला हवं.

नेत्रशिबिरांची भीती मात्र निराधार नाही. काही ठिकाणी संसर्गाने डोळे गेले आहेत. म्हणून शिबिरात फक्त तपासणी व्हावी आणि शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयातच, हा आग्रह धरावा. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथपर्यंत न्यायला-आणायला माणूस हवा, हीच बऱ्याचदा खरी अडचण असते.

कानाच्या बाबतीत परिस्थिती अधिक बिकट आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत श्रवणयंत्राचा सरसकट सगळ्यांना लाभ दिसला नाही. पण ज्यांना धोका जास्त होता, त्यांच्या बुद्धीची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. तेवढ्यात चांगलं यंत्र येणं कठीण, आणि आलं तरी कानात नीट बसवणं, आवाज जुळवणं, सेल बदलणं कोणी दाखवलं नाही तर ते कपाटात पडून राहतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजताना नजर आणि कानही तपासले जावेत, आणि यंत्र दिल्यावर महिन्याभराने त्या माणसाला पुन्हा बोलावून ते चालतंय का, हे कोणीतरी पाहावं.