निर्णयात तज्ज्ञाची जागा कोणती?

नियोजन हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, अडाण्यांच्या गर्दीत त्याचे निर्णय होत नसतात, हा युक्तिवाद या देशात जुना आहे. नोकरशाहीला तो सोयीचा आहेच. श्रमजीवी जनतेच्या राज्याची भाषा करणाऱ्यांच्या बैठकांतही तो अधूनमधून कानी पडतो, एवढेच की तेथे त्याचे शब्द निराळे असतात.

उलट बाजूने लेनिनच्या नावावर एक वाक्य खपविले जाते, की कोणतीही स्वयंपाकीण राज्य चालवू शकते. ऑक्टोबर १९१७ च्या क्रांतीच्या तोंडावर लेनिनने लिहिले ते वेगळे होते. अकुशल मजूर वा स्वयंपाकीण लागलीच राज्यकारभार हाती घेऊ शकणार नाही, हे त्याने स्पष्ट मान्य केले. त्याचा आग्रह होता तो असा की, कष्टकऱ्यांना या कारभाराचे शिक्षण वर्गजागृत कामगार व सैनिकांकडून मिळावे आणि ते ताबडतोब सुरू व्हावे.

केरळात हा प्रश्न प्रत्यक्ष कसोटीला लागला. डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने १७ ऑगस्ट १९९६ रोजी लोकनियोजन मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजनाखर्चापैकी ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपविली. मोहिमेच्या मार्गदर्शक परिषदेचे अध्यक्ष ई. एम. एस. नंबूद्रिपाद होते. ग्रामसभेत प्रास्ताविकानंतर लोक शेती, पाणी, आरोग्य, शिक्षण अशा विषयवार गटांत बसत. ही बाब वरवर किरकोळ वाटते. परंतु शेकडोंच्या सभेत तोंड न उघडणारी शेतमजूर स्त्री लहान गटात बोलू शकते. कोणती विहीर उन्हाळा लागताच आटते, पावसात कोणत्या वस्तीची वाट तुटते, दवाखाना उघडतो त्या वेळी मजूर कोठे असतात, हे कोणत्याही कचेरीच्या नकाशावर नसते.

तथापि गटांतून येत त्या बहुतांशी मागण्या. त्यांचे प्रकल्प करताना अंदाजपत्रके चुकत, आराखडे कच्चे राहत. त्यासाठी निवृत्त अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक यांचे स्वयंसेवी तांत्रिक दल उभारण्यात आले. या दलाने तांत्रिक छाननी करावी, सल्ला द्यावा. मात्र लोकांनी ठरविलेला अग्रक्रम बदलण्याचा अधिकार त्याला नव्हता. मोहिमेचे मर्म याच मर्यादेत होते. बंधारा कसा बांधावा हे अभियंता सांगेल. आधी बंधारा की आधी शाळा, हे तो ठरविणार नाही.

मोहिमेत उणिवा होत्या. मध्यमवर्ग ग्रामसभांपासून बराच दूर राहिला, स्त्रियांची उपस्थितीही प्रारंभी अपेक्षेहून कमी होती. पण त्या उणिवांवर उपाय ग्रामसभेतच शोधता येत होता. याउलट २०१५ च्या स्मार्ट सिटी योजनेने निवडून आलेल्या महापालिकांना वळसा घालून स्वतंत्र कंपन्या उभारल्या, आणि शहराचा अग्रक्रम लावण्याचे काम सल्लागारांच्या अहवालांकडे गेले. अशा कंपनीपुढे झोपडपट्टीतल्या रहिवाशाने उभे तरी कोठे राहावे?

याच मापाने पक्षाच्या शाखांची कार्यपद्धतीही तपासली पाहिजे. अहवाल मांडणारा जाणता कॉम्रेड प्रथम बोलतो, सर्वांत अधिक वेळ बोलतो. बिडी कामगार वा बांधकाम मजूर सभासदाची हरकत इतिवृत्तात ‘अडचण’ म्हणून नोंदली जाते आणि ठराव जसाच्या तसा संमत होतो. हा क्रम उलटा करण्यास कोणत्याही वरिष्ठ समितीच्या परवानगीची गरज नाही. ज्या सभासदांना ठरावाची झळ लागणार आहे त्यांनी आधी बोलावे, त्यांची हरकत त्यांच्याच शब्दांत लिहिली जावी, आणि अहवाल मांडणाऱ्याने तिला उत्तर दिल्याखेरीज मतदान घेऊ नये.