निंबोळीचा अर्क नालीत टाका, रांजणात नको

वर्षावास सुरू आहे. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला बसलो की डास काही नीट ऐकू देत नाहीत. मग कुणीतरी म्हणतेच, "पाण्यात कडुनिंबाचा पाला टाका, अळ्या मरतात." मुखेडच्या वस्त्यांत कडुनिंब दारोदार, त्यामुळे उपाय सोपा वाटतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

अळ्यांवर चालणारे ॲझाडिरॅक्टिन मुख्यतः निंबोळीच्या बीत असते. त्याने अळीला कात टाकता येत नाही, तिचा डास होत नाही. पाल्यात ते फार कमी. रांजणात डहाळी टाकून भागत नाही. शेतात कामाला जाणाऱ्या आपल्या बायांना पाच टक्के अर्क ठाऊक आहे: ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, १०० लिटर पाणी करायचे. तुंबलेल्या नालीत, डबक्यात हा अर्क टाकून पाहावा, असे आमचे मत आहे. उन्हाने त्याचा जोर लवकर जातो, म्हणून दर आठवड्याला ताजा करावा.

पिण्याच्या पाण्यात मात्र नको. झाडाचे आहे म्हणून निर्धोक, असे नसते. निंबोळीचे तेल पाजल्याने तान्ह्या लेकरांना उलट्या, झटके येऊन जीव गेल्याच्या नोंदी आहेत. सीताफळाच्या बियांची पूडही अळ्या मारते, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा करते. उवांसाठी ती पोरींच्या डोक्याला चोळणाऱ्या आयांनी हे ध्यानात घ्यावे. हळदीच्या, कडुनिंबाच्या अर्काने प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जंतूंची वाढ थांबते, हेही खरे. पण बशी म्हणजे शरीर नव्हे. जखम चिघळली, ताप उतरेना, तर दवाखानाच गाठावा.

आणि डेंग्यूचा डास नालीतला नाहीच. तो आपल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी ड्रमच्या कडेला चिकटून कोरडी असली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून ड्रम आठवड्यातून एकदा आतून घासावा, तोंडाला फडके बांधावे.

"कोरडा दिवस पाळा" असे सांगणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसेल, तर भरलेला ड्रम ओतून कोण देईल? पाणी साठवणे ही वस्तीची हौस नाही. १९२७ साली चवदार तळ्यावर जो हक्क बजावला, तो आजही नळाच्या तोटीशी अडतो. तोवर पाणी फेकू नका. फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या, ड्रम घासा, अळ्या कोरड्या मातीवर झटका.

येत्या पौर्णिमेला विहारात जमू, तेव्हा अर्जावर सह्या घेऊ: पाणी ठरल्या दिवशी यावे आणि नाल्या वाहत्या राहाव्यात.