कॅमेरा बंद होता, सिस्टर जाग्या होत्या!

'धर्मवाल्यांनी चर्चमध्ये, देवळात बसावं. अणुबॉम्बच्या भानगडीत त्यांना काय कळतं?' मेसमध्ये हा डायलॉग हमखास ऐकू येतो. दहावीपर्यंत नन्सच्या हाताखाली शिकले म्हणून असेल कदाचित, पण मला तो अजिबात पटत नाही. का, ते एका उदाहरणावरून सांगते.

सिस्टर मेगन राइस या अमेरिकन नन. आयुष्यातली बरीच वर्षं नायजेरिया आणि घानामध्ये शिकवण्यात गेली. २८ जुलै २०१२ च्या पहाटे, वयाच्या ८२ व्या वर्षी, दोन साथीदारांबरोबर त्या टेनेसीतल्या ओक रिजच्या 'वाय-१२' कारखान्यात घुसल्या. हिरोशिमावरच्या बॉम्बचं युरेनियम इथेच समृद्ध केलेलं. जवळ काय, तर तारा कापायची कात्री, हातोडे, रंगाचे स्प्रे आणि बाटल्यांतलं माणसाचं रक्त. कुंपणं कापत तिघं थेट अतिसमृद्ध युरेनियमच्या कोठाराच्या भिंतीपर्यंत पोचले. भिंतीवर शांतीचे संदेश लिहिले, रक्त शिंपडलं, हातोडे मारले. पळून मात्र कोणीच गेलं नाही!

खरी गंमत पुढे आहे. सरकारी चौकशीत निघालं काय? काही कॅमेरे कित्येक महिने बंद. खोटे अलार्म रोजचेच, त्यामुळे खरा वाजला तरी कोणी दचकेना. हातोड्याचे आवाज आले, तर वाटलं मेंटेनन्सवाले असतील! मित्रांनो, हे सगळं आपल्याच सिलॅबसमधलं नाही का? सिस्टरच्या जागी दुसरा कोणी असता तर?

कायदा मोडला हे खरंच. २०१४ मध्ये त्यांना ३५ महिन्यांची शिक्षा झाली. २०१५ मध्ये अपिलात घातपाताचा आरोप रद्द झाला आणि त्या सुटल्या.

त्या एकट्या नव्हत्या. अण्वस्त्रबंदीच्या करारावर २०१७ मध्ये सुरुवातीलाच सही करणाऱ्यांत व्हॅटिकन होतं. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस हिरोशिमात म्हणाले की अण्वस्त्र वापरणंच नाही, जवळ बाळगणंही अनैतिक आहे. फुकुशिमानंतर, २०११ मध्येच, जपानच्या कॅथलिक बिशपांनी अणुवीज केंद्रं बंद करा अशी मागणी केली.

यातलं सगळं मला मान्य नाही. वीज लागतेच, आणि शेजाऱ्यांकडे बॉम्ब असताना भारताने एकट्याने तो टाकून द्यावा हे म्हणणं सोपं नाही. पण म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला हसायचं? आपल्या पेपरात नेहमी 'कसं बनवाल?' असतं. 'बनवावं का?' हा प्रश्न कुठल्याच सेमिस्टरला नाही. तो बाहेरून कोणी विचारत असेल, तर त्याचे उपकारच मानायला हवेत.

आपल्यातले काहीजण उद्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जातील. जरूर जा. पण तिथे एखादा बंद कॅमेरा दिसला तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा. आणि गेटबाहेर कोणी बोर्ड घेऊन उभं असेल, तर त्यावर काय लिहिलंय ते निदान वाचा तरी!