एकोणिसाच्या पुढे

राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत गोळ्या वाटून मळमड्डीस परतताना आम्ही मतिमंद प्रौढांच्या एका आश्रमात डोकावलो. चाळिशीचे एक रहिवासी गुदद्वाराच्या खाजेने रात्र रात्र झोपत नाहीत, असे सेविकाबाई म्हणाल्या. लक्षण सुताएवढ्या पांढऱ्या जंतांचे. परंतु २०१५ पासून चालणारा हा सरकारी उपक्रम १ ते १९ वर्षांच्यांसाठी. हे गृहस्थ त्यात बसत नाहीत.

बरे, एकट्यास गोळी देऊनही भागत नाही. जंतांची अंडी नखांत, चादरींत दोन-तीन आठवडे तग धरतात. म्हणून सेवकांसह सर्वांस एकाच दिवशी औषध, दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि अंथरुणे गरम पाण्यात धुणे. डॉक्टरांस बोलावणे धाडले. तोवर आम्ही (मास्तरी खोड!) सर्वांची नखे तपासली, सेविकाबाईंनीही मुकाट्याने हात पुढे केले.